पालेभाजीतले जड धातू: खरेदीपासून ताटापर्यंत कोणत्या क्रमाने काय करायचे

पालेभाजीत शिसे सापडले, कॅडमियम सापडले अशी बातमी आली की मुंबईतल्या घराघरांत एकच बदल होतो: भाजी जास्त वेळ भिजायला लागते. कोणी मिठाच्या पाण्यात भिजवते, कोणी हळदीच्या, कोणी व्हिनेगरच्या, कोणी खाण्याच्या सोड्याच्या. पंधरवडाभर हे चालते, मग कंटाळा येतो आणि सगळे पूर्ववत होते. धुणे हा या कामातला चौथा टप्पा आहे आणि आपण तिथूनच सुरुवात करतो, ही पहिली चूक. दुसरी चूक अशी की, धुऊन निघणारा धातू साध्या पाण्यानेही निघतो आणि न निघणारा कितीही भिजवला तरी पानातच राहतो, हे लक्षात घेतले जात नाही. म्हणून खालचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिले तीन टप्पे सोडून फक्त चौथ्यावर मेहनत घेतली तर ती बरीचशी वाया जाते.

पालेभाजी बंद करणे हा मात्र उपाय नाही. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था मोठ्या माणसाला रोज साधारण १०० ग्रॅम पालेभाजी सुचवते, आणि आपल्याकडे तेवढीही खाल्ली जात नाही. शरीरात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आतडे शिसे जास्त शोषते. लोह कमी असेल तर कॅडमियमही जास्त शोषले जाते. भीतीने भाजी सोडणारे घर नुकसानच करून घेते.

टप्पा १: धातू पानावर आहे की पानात, हे आधी समजून घ्या

शिसे मातीला घट्ट चिकटून राहते. मुळातून पानापर्यंत ते फारसे चढत नाही. पालेभाजीवरचे शिसे मुख्यतः धुळीतून आणि पावसाच्या थेंबांनी उडालेल्या मातीतून येते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, पण धातू कुजत नाही, विरत नाही. रस्त्याकडेच्या मातीत बसलेले जुने शिसे अजून तिथेच आहे आणि वाऱ्याबरोबर उडते.

कॅडमियमचे वागणे उलटे. ते मातीतल्या पाण्यात सहज उतरते, आणि झाड जस्त व लोहासारखी पोषणद्रव्ये ज्या वाटेने घेते त्याच वाटेने कॅडमियमही आत ओढते. मग ते पानात साठते. पालक आणि सॅलडचा लेट्यूस यांत हे जास्त होते. त्याच मातीतल्या भेंडीत, दुधीत, टोमॅटोत ते सहसा बरेच कमी असते, कारण फळापर्यंत धातू कमी पोहोचतो.

थोडक्यात, धुण्याने शिशाचा मोठा भाग जातो आणि कॅडमियम जवळजवळ तसेच राहते. कॅडमियमवर इलाज फक्त दोन: भाजी कुठून घेता, आणि एकाच ठिकाणची एकच भाजी किती वेळा खाता.

कोणी जास्त जपायचे? सहा वर्षांखालची मुले सगळ्यात आधी. मोठ्या माणसाचे आतडे अन्नातले साधारण दहा टक्के शिसे शोषते. लहान मुलात हे प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत जाते, आणि घाव बसतो वाढत्या मेंदूवर. त्यानंतर गरोदर स्त्रिया, कारण हाडांत साठलेले शिसे गरोदरपणात रक्तात उतरते आणि वारेतून बाळापर्यंत जाते. मग रक्त कमी असलेल्या बायका-मुली आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेले लोक. कॅडमियम मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षे मुक्काम ठोकते.

सावधान: घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल किंवा मशेरी लावत असेल, तर कॅडमियमचा विचार तिथून सुरू करा. तंबाखूचे झाड कॅडमियम भरपूर शोषते. रोज पाकीट ओढणाऱ्याने पालकाची काळजी करत बसण्यात काही अर्थ नाही.

टप्पा २: जुडी हातात घेण्याआधी

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, म्हणून इथे जरा थांबू.

मुंबईत पालेभाजी ढोबळमानाने चार वाटांनी येते. नाशिक-पुण्याकडून रात्री निघून वाशीच्या बाजार समितीत उतरणारी. वसई-विरार-पालघर पट्ट्यातून पहाटेच्या लोकलने पाट्यांमधून येणारी. पावसाळ्यात आदिवासी बायका आणतात ती रानभाजी: टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी. आणि चौथी, शहराच्या आतच पिकणारी: रेल्वे रुळांलगतच्या पट्ट्यांत, नाल्यांच्या काठी, खाडीच्या कडेला, मोकळ्या भूखंडांवर.

काळजी मुख्यतः या चौथीची. रेल्वेच्या जागेवर 'अधिक धान्य पिकवा' योजनेखाली वर्षानुवर्षे पालक, माठ, मुळा, भेंडी, अळू पिकत आले आणि अनेक ठिकाणी पाणी शेजारच्या नाल्याचेच होते. अशा पाण्यात सांडपाणी तर असतेच, पण बॅटरीची दुकाने, मुलामा देणारे कारखाने, रंगकाम, गॅरेज यांचे पाणीही त्यातच मिसळते. मिठी, उल्हासनगरची वालधुनी, तळोज्याची कासाडी या नद्यांच्या काठच्या मळ्यांनाही हेच लागू. या शेतात राबणारा माणूस तुम्हाला फसवत नसतो. त्याला पाणी तेवढेच मिळते आणि त्याच्या घरीही तीच भाजी शिजते.

आता विचारायचे कसे? "भाजी ताजी आहे का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. रुळांलगतची भाजी सगळ्यात ताजी असते, तासाभरापूर्वी तोडलेली. "मावशी, ही कुठली?" असे विचारा आणि गावाचे नाव येईपर्यंत थांबा. "वसईची" म्हणाल्या तर "वसईत कुठली?" असे पुढे विचारा. स्वतः पिकवणारी किंवा थेट गावातून आणणारी बाई लगेच गाव सांगते, पाण्याबद्दलही सांगते: विहिरीचे, बोअरचे, तलावाचे. "वाशीवरून आणली" हे उत्तरही वाईट नाही. तिथे माल अनेक जिल्ह्यांतून येतो, त्यामुळे रोज एकाच दूषित मळ्याची भाजी तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता कमी होते. "इथलीच आहे, जवळची" हे उत्तर आले तर त्या दिवशी पालेभाजीऐवजी दुधी घ्या.

एकदा नीट चौकशी करून दोन-तीन विक्रेते ठरवून टाका. रोज नव्याने उलटतपासणी करायची गरज नाही, आणि ते शोभतही नाही.

जुडी पाहताना मुळांकडे बघा. मुळाशी काळा, बुळबुळीत, गटाराचा वास येणारा गाळ असेल तर ती जुडी ठेवून द्या. लाल किंवा तपकिरी, मोकळी माती असेल तर बरे. वाळूतली छोटी समुद्रमेथी असेल तर मुळाला वाळू दिसेलच.

सावधान: गाळाचा वास सांडपाण्याची खूण आहे, धातूची नव्हे. धातू नजरेला, नाकाला, जिभेला कळत नाही. स्वच्छ दिसणाऱ्या जुडीतही कॅडमियम असू शकते. उलट, सांडपाण्यावरचा पालक नत्रामुळे मोठ्या, काळपट-हिरव्या पानांचा आणि देखणा दिसतो. "केवढा टवटवीत आहे!" म्हणून तोच उचलला जातो.

तीन भाज्यांबाबत विशेष सांगते. अळू इमारतीच्या मागच्या गटाराकाठी आपोआप उगवतो आणि "फुकट आहे, घरचाच आहे" म्हणून वडीसाठी तोडला जातो. तो तोडू नका. नाळीची भाजी पाण्यात वाढते. तिचे तळे सांडपाण्याचे असेल तर ती बरेच काही शोषून घेते. आणि टाकळा-कुर्डू रानातलेच घ्या. महामार्गाच्या कडेला किंवा रुळांशेजारी पावसात उगवलेला टाकळा दिसायला तसाच असला तरी त्याची माती वेगळी असते.

तपासा: गेल्या आठवड्यात घेतलेल्या प्रत्येक पालेभाजीचे गाव सांगता येते का? निम्म्याहून जास्त जुड्यांचे येत नसेल, तर पुढचे टप्पे वाचा, पण आधी हा पुरा करा.

टप्पा ३: आठवड्याची आखणी आणि थोडे गणित

हे गणित एकदा समजले की घबराटही जाते आणि बेफिकिरीही.

आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेत, म्हणजे कोडेक्समध्ये, पालेभाजीतल्या कॅडमियमची मर्यादा एका किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे २०० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये ठरवलेली कॅडमियमची सहन होण्याजोगी मात्रा आहे महिन्याला, शरीराच्या दर किलो वजनामागे, २५ मायक्रोग्रॅम.

साठ किलोच्या माणसाला महिन्याला १,५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाला सरासरी ५०. मर्यादेला टेकलेली १०० ग्रॅम भाजी खाल्ली तर पोटात २० गेले. चालण्यासारखे आहे, पण भात आणि पोळीतूनही कॅडमियम येते हे धरून.

आता पंधरा किलोचे मूल घ्या. महिन्याला ३७५, दिवसाला साडेबारा. त्याच भाजीचे ५० ग्रॅम म्हणजे १० मायक्रोग्रॅम. दिवसाचा जवळजवळ सगळा वाटा एका वाटीत संपला. भाजी मर्यादेच्या दुप्पट असेल तर २०, म्हणजे वाट्याच्या कितीतरी वर.

हा हिशेब मुद्दाम महिन्याचा ठेवलेला आहे. कॅडमियम हळूहळू साठते. एखाद्या दिवसाने काही बिघडत नाही, रोजच्या सवयीने बिघडते. म्हणून आखणी अशी करा:

एकच पालेभाजी सलग दोन दिवस नको. पालक आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. बाकीच्या दिवशी मेथी, लाल माठ, शेपू, चवळी, राजगिरा, चाकवत, आंबट चुका, करडई, मायाळू, शेवग्याचा पाला. मराठी स्वयंपाकात एवढी विविधता असताना अनेक घरांत वर्षभर पालक आणि मेथी दोनच फिरत राहतात, याचे मला खरोखर वाईट वाटते. विक्रेतेही आलटून-पालटून ठेवा: दोन दिवस वसईवाल्या मावशी, दोन दिवस मंडई.

शिशाचे गणित असे मांडता येत नाही. त्याची सहन होण्याजोगी मात्रा याच समितीने मागे घेतली, कारण सुरक्षित म्हणता येईल अशी पातळीच सापडली नाही. तिथे नियम एकच: जेवढे कमी करता येईल तेवढे.

सावधान: रोज सकाळी रिकाम्या पोटी पालकाचा रस पिण्याची पद्धत बंद करा. एका पेल्यासाठी ३०० ग्रॅम पाने सहज लागतात. पालक मर्यादेला टेकलेला असेल तर तेवढ्यात ६० मायक्रोग्रॅम कॅडमियम येते, म्हणजे मोठ्या माणसाचा दिवसाचा वाटा ओलांडला. शिवाय रिकाम्या पोटी शिसे जास्त शोषले जाते. मैदानांबाहेर मिळणाऱ्या हिरव्या रसाच्या भाजीचे गाव तर विक्रेत्यालाही माहीत नसते. वाळवलेल्या पाल्याच्या पुड्याही जपून वापरा: साधारण दहा किलो ओल्या पाल्याची एक किलो पूड होते आणि धातू सगळा त्या एका किलोत उतरतो.

टप्पा ४: निवडणे आणि धुणे, याच क्रमाने

आता धुण्याकडे वळू. इथे शिसे, माती, जंतू आणि काही प्रमाणात फवारणीचे अवशेष जातात. काम पंधरा मिनिटांचे आहे, पण क्रम चुकला की निम्मे फुकट जाते.

१. जुडी वर्तमानपत्रातून आणली असेल तर आधी बाहेर काढा. छपाईच्या शाईतही जड धातू असू शकतात, आणि अन्न वर्तमानपत्रात बांधू नये असे एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच बजावले आहे. भाजी निवडायलाही खाली वर्तमानपत्र पसरू नका. सूप किंवा ताट घ्या.

२. जुडी सोडा. बांधलेली जुडी नळाखाली धरून धुणे म्हणजे बाहेरची चार पाने धुणे. गाळ बुडख्याशी, देठांच्या खोबणीत बसलेला असतो.

३. मुळे आणि बुडख्याचा बोटभर भाग कापून टाका. कोथिंबिरीचे मूळ वाटणात घालायची काही घरांत पद्धत आहे. गाव माहीत नसेल तर घालू नका.

४. पिवळी, जुनी, जमिनीला टेकलेली खालची पाने काढा. धूळ आणि उडालेली माती त्यांच्यावरच जास्त असते. कोबीची बाहेरची दोन-तीन पाने टाकून द्या.

५. मोठ्या पातेल्यात आधी पाणी घ्या, मग पाने सोडा. हाताने हलकेच घुसळा आणि पाच मिनिटे हात न लावता ठेवा. जड कण तळाशी बसायला एवढा वेळ लागतो.

६. पाने वरून दोन्ही हातांनी उचलून रोळीत ठेवा. पातेले रोळीवर उपडे करू नका. ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे: तळाशी बसलेला सगळा गाळ परत पानांवर ओतला जातो आणि धुणे जागच्या जागी वाया जाते.

७. पातेल्याचा तळ विसळून पुन्हा पाणी घ्या. असे निदान तीनदा. मेथी, शेपू आणि समुद्रमेथीला चार-पाचदा. शेवटी वाहत्या पाण्याखाली.

८. चिरायचे ते यानंतर. आधी चिरून मग धुतले तर गढूळ पाणी कापलेल्या कडांना लागते आणि क जीवनसत्त्व व फोलेट (ब गटातले एक जीवनसत्त्व) पाण्याबरोबर वाहून जाते.

अळूची पाने सुटी सुटी, दोन्ही बाजूंनी, शिरांच्या खोबणीत बोट फिरवून धुवा. देठांची साल काढा.

तपासा: शेवटच्या धुण्यानंतर पातेल्याच्या तळावरून बोट फिरवा. खरखर लागली तर अजून एकदा धुवा.

मीठ, हळद, व्हिनेगर, लिंबू, सोडा, बाटलीतले भाजी धुण्याचे द्रावण यांपैकी कशानेही पानाच्या आतले कॅडमियम निघत नाही. पोटॅशियम परमँगनेट तर स्वतःच मँगनीज या धातूचा क्षार आहे. ते जंतूंसाठी वापरतात, धातू काढायला नाही. महापालिकेचे नळाचे पाणी या कामाला पुरेसे आहे, फिल्टरचे पाणी वाया घालवू नका.

टप्पा ५: शिजवणे आणि भांडे

भाजीबद्दल शंका असेल, तर भरपूर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे घालून ते पाणी फेकून देता येते. धातूचा काही अंश पाण्यात उतरतो. पण फोलेटही जाते, म्हणून चांगल्या ठिकाणच्या भाजीला हे करू नका. आणि केलेच तर ते पाणी वरणात किंवा कणकेत घालू नका. "सत्त्व वाया जाते" म्हणून तेच पाणी परत वापरणारे पुष्कळ आहेत. मग उकळलेच कशाला?

भांड्याकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. अळूचे फदफदे, ताकातला पालक, चुक्याची भाजी या आंबट गोष्टी. भंगार वितळवून ओतलेल्या स्वस्त ॲल्युमिनियमच्या किंवा हिंडालियमच्या भांड्यातून आंबट पदार्थात शिसे उतरू शकते. कल्हईचेही तसेच: कथिल शुद्ध नसेल, त्यात शिसे मिसळलेले असेल, तर पितळेचे पातेले घातक ठरते. आंबट पालेभाजी स्टेनलेस स्टीलमध्ये करा. परतलेली, बिनआंबट भाजी लोखंडी कढईत उत्तम; थोडे लोहही मिळते.

हळद सुटी घेत असाल तर बंद करा. पिवळा रंग खुलवण्यासाठी हळदीत लेड क्रोमेट हा शिसे असलेला रंग मिसळण्याचे प्रकार भारतात आणि बांगलादेशात उघड झाले आहेत. पाकीटबंद तरी घ्या, नाहीतर हळकुंडे आणून दळा. पण हळकुंडेही भडक पिवळी, बोटाला रंग सोडणारी नकोत.

ताटात भाजीबरोबर लिंबू, नाचणी, तीळ, डाळ असू द्या. लोह आणि कॅल्शियमने भरलेले पोट धातूला कमी वाव देते.

टप्पा ६: ग्रिलमधल्या कुंडीत लावायचे असेल तर

घरची म्हणून बिनघोर खाल्ली जाते, म्हणूनच इथे आधी तपासणी हवी.

आधी जागा. इमारत जुनी असेल, खिडकीच्या ग्रिलचा ऑइलपेंट पोपडे सोडत असेल, तर त्या खाली कुंडी ठेवू नका. घरगुती रंगात शिशाची कमाल मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) असावी हा नियम २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत कितीतरी जास्त शिसे असायचे. पोपडे कोरडे घासून काढू नका, धूळ घरभर होते. ओले करून काढा, आणि लहान मुलांना त्या वेळी खोलीबाहेर ठेवा. नुसता गंज दिसत असेल तर तो लोहाचा आहे, त्याची चिंता नाही. खिडकी पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर आणि रहदारीच्या रस्त्याकडे असेल तर पालेभाजीऐवजी मिरची, वांगी लावा.

मग माती. खोदकामाची, डेब्रिसची, नाल्यातून काढलेल्या गाळाची माती नको. रोपवाटिकेतून घेताना कुठली ते विचारा. शंका वाटली तर कोकोपीट आणि चांगले गांडूळखत यांवर भागवा. माती आंबट असेल तर कॅडमियम झाडात जास्त जाते. थोडा शेतीचा चुना आणि भरपूर कुजलेले सेंद्रिय खत याने ते कमी होते.

खत. सोसायटीत ओला-सुका कचरा नीट वेगळा होत नसेल, सेल आणि बल्ब त्यात जात असतील, तर ते खत फुलझाडांना घाला. शहरी कचऱ्याच्या खतासाठी खत नियंत्रण आदेशात किलोला शिसे १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे; विकतच्या खताचा चाचणी अहवाल मागून घ्या.

सावधान: निर्माल्य खतात टाकताना शेंदूर लागलेली फुले वेगळी काढा. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड. जरीच्या माळा, रंगवलेली फुले आणि रंगीत लाकडाची राख हेही नको.

कुंडी म्हणून रंगाचे डबे, बॅटरीची खोकी, रसायनांची पिंपे कधीच वापरू नका.

टप्पा ७: भाजीची चाचणी करून घ्यायची असेल तर

एकट्या घराने करण्यापेक्षा सोसायटीने किंवा दोन-चार घरांनी मिळून करा, कारण खर्च बऱ्यापैकी येतो. भाजीतल्या धातूंच्या तपासणीसाठी एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा. मान्यता पाण्यासाठी आहे की अन्नासाठी, हे विचारून घ्या. दोन्ही वेगळ्या असतात.

एकाच विक्रेत्याच्या चार-पाच जुड्या मिळून एक किलोभर भाजी घ्या. तिचे दोन भाग करा. एक न धुता, मुळे कापून. दुसरा टप्पा ४ प्रमाणे धुऊन. दोन्ही नव्या, स्वच्छ पिशव्यांत, वर गाव आणि तारीख लिहून, त्याच दिवशी पोहोचवा. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे पानावरचा धातू. धुतलेल्या भागाचा आकडाच मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तो पानातला आहे, आणि त्या ठिकाणची भाजी बंद करणे हाच मार्ग.

अहवाल हातात आला की आधी एकक बघा. आकडा ओल्या वजनावर आहे की वाळवलेल्या? कोडेक्सच्या मर्यादा (कॅडमियम ०.२ आणि पालक सोडून इतर पालेभाज्यांना शिसे ०.३ मिलिग्रॅम प्रति किलो) ताज्या वजनावर आहेत. पालेभाजीत साधारण नव्वद टक्के पाणी असते, त्यामुळे वाळलेल्या वजनावरचा आकडा दहापट मोठा दिसतो. वाळलेल्या भाजीत १.५ कॅडमियम म्हणजे ताजीत साधारण ०.१५, मर्यादेच्या आत. याच गफलतीतून "मर्यादेच्या आठपट" असे संदेश फिरतात. उलटे करून वाईट अहवाल चांगला दाखवणेही शक्य आहे, म्हणून एकक लेखी मागा.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसे सांगावे लागते. आकडा खराब आला तर पदपथावरच्या मावशींशी भांडू नका. अहवाल घेऊन राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जा, आणि कारखान्याचे पाणी नाल्यात येत असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडेही तक्रार द्या. तक्रारीत मळ्याची जागा, पाण्याचा स्रोत आणि तारीख असेल तर तिचा पाठपुरावा करता येतो.

टप्पा ८: रक्ताची चाचणी कधी

प्रत्येकाने धावत जाऊन करायची गरज नाही. घरातले लहान मूल किंवा गरोदर बाई दीर्घकाळ नाल्याकाठची भाजी खात आली असेल, घराशेजारी बॅटरी किंवा भंगार वितळवण्याचे काम चालत असेल, मूल रंगाचे पोपडे तोंडात घालत असेल, किंवा रक्तक्षय औषधाने सुधारत नसेल, तर डॉक्टरांशी बोलून रक्तातील शिसे तपासा.

बोटाला टोचून केलेल्या चाचणीत त्वचेवरची धूळ मिसळून आकडा वाढू शकतो. तो जास्त आला तर शिरेतून रक्त घेऊन पुन्हा करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार डेसिलिटरला (१०० मिलिलिटर रक्ताला) ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आले तर शिसे कुठून येते ते शोधून बंद करायचे. धातू बाहेर काढणारी औषधे दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ४५ किंवा त्यावर सुचवली आहेत, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याखाली मुख्य काम म्हणजे स्रोत शोधणे आणि लोह-कॅल्शियमची कमतरता भरून काढणे.

कॅडमियमसाठी रक्ताचा आकडा अलीकडचे दाखवतो, लघवीचा आकडा वर्षानुवर्षांचे साठलेले. दोन्हींतला फरक डॉक्टरांना विचारूनच चाचणी निवडा.

केसांच्या चाचण्या, शरीर "शुद्ध" करणारी पाकिटे आणि कोथिंबिरीचा रस धातू ओढून काढतो हा दावा, यांवर पैसे घालू नका. तोच पैसा मुलाच्या हिमोग्लोबिनच्या तपासणीवर खर्च करा, आणि ते कमी निघाले तर लोहाचे औषध सांगितलेल्या महिन्यांइतके, मध्येच न सोडता, पूर्ण द्या.